गरज सिद्ध झाली

पहिला अर्ज नामंजूर करताना अनुदान समितीने कारण एका ओळीत कळवलं : गरज सिद्ध होत नाही.

तो अर्ज ताईने स्वतः लिहिला होता. टायरच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही आठवड्यातून दोनदा जमतो, गातो, बरं वाटतं, घरी जातो. भाडं वाढलंय, तेवढी मदत झाली तर खोली टिकेल. संपला अर्ज. अशा सरळपणाला जगात कोणी पैसे देत नाही, हे तिच्या धाकट्या भावाला धंद्यामुळे ठाऊक होतं. संस्थांना अर्ज लिहून देणं हेच त्याचं काम. त्याच्या लेखणीने कित्येक कोरडी तळी भरली होती, निदान कागदावर.

"बरं वाटतं, हे काय कारण झालं?" तो म्हणाला. "वाईट वाटलं पाहिजे. तेही समितीला."

"मग तू लिही, शहाण्या. महिनाअखेर मालक कुलूप लावतोय."

माहितीसाठी तो एकदा खोलीवर जाऊन बसला. दोन वर्षांपूर्वी गादी कारखान्याला आग लागली होती आणि इथल्या प्रत्येकाचं कोणी ना कोणी तीत गेलं होतं. ताईचा मुलगा. क्रेनवाल्याची बायको. शिंपिणीची बहीण. खोलीचा नियम एकच : आगीचं नाव काढायचं नाही. बाहेर भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे मान तिरकी करून विचारत, "आता कसं वाटतंय?" इथे शिंपीण क्रेनवाल्याला म्हणायची, "भाऊजी, सूर आहे तो, गर्डर नव्हे. जरा हळू उतरवा!" आणि क्रेनवाला लाजून पुन्हा चाल धरायचा. मुख्य चाल त्याची, ताई त्या चालीखाली आपला साथीचा खालचा सूर लावून बसायची.

भावाने अर्ज लिहिला. पहिल्या परिच्छेदात ज्वाळा, दुसऱ्यात भाचा. उपक्रमाचं नाव 'राखेतली गाणी'. समितीला मोजता येईल असं काहीतरी लागतं, म्हणून प्रत्येक बैठकीची सुरुवात अनुभवकथनाने होईल, असंही घातलं.

सहीसाठी तो गेला तेव्हा ताई भांडी पुसत होती. हात कोरडे करून तिने वाचलं. दुसरा परिच्छेद पुन्हा वाचला.

"संवेदनशील, स्वप्नाळू... हा कोण रे? आमचा तर घोरायचा. ओला टॉवेल पलंगावर टाकायचा."

"टॉवेलवर अनुदान मिळत नाही, ताई."

"आणि हे अनुभवकथन?"

"कागदापुरतं असतं ते. कोण येतंय बघायला!"

ताईने सही केली.

अनुदान मिळालं. मालक एकदम अदबीने बोलू लागला, खोलीत नव्या खुर्च्या आल्या. आणि पहिल्याच बैठकीला समितीच्या बाई बघायला आल्या. बाई मनाने चांगल्या होत्या, हीच पंचाईत. त्यांनी खुर्च्या गोल मांडायला लावल्या, "अगदी मोकळेपणाने बोला" म्हणाल्या आणि वाट बघत बसल्या. खाली टायरवाल्याचा पंप तेवढा बोलत होता.

पाहुण्याला ताटकळत ठेवणं क्रेनवाल्याला जमेना. तो बोलला. ओळख पटवायला त्याला बोलावलं होतं. चेहरा उरला नव्हता. बायकोला कशावरून ओळखलं, ते त्याने सांगितलं. सावकाश, नीट, समितीला समजेल असं.

बाई खरोखर रडल्या. डोळे पुसून त्यांनी टिपून घेतलं आणि म्हणाल्या, "आता गाऊ या!"

क्रेनवाल्याने तोंड उघडलं, मिटलं. 

पुढच्या बैठकीला तो आला नाही. मग एकेक जण गळत गेला. शिंपीण रस्त्यात भेटली तेव्हा म्हणाली, "ताई, आग बाहेर फुकट मिळते हो. तिच्यासाठी जिना कशाला चढायचा?"

"अनुभवकथन काढून टाकायला सांगतो मी," भाऊ म्हणाला.

"सांग की," ताई म्हणाली. "पण भाऊजींनी बायकोला कशावरून ओळखलं, ते आता सगळ्यांना माहीत झालंय. ते कुठून काढशील?"

वर्षअखेर समितीने घरोघर प्रश्नावली भरून घेतली. सभासदांचं दुःख अर्जाच्या वेळेपेक्षा वाढलेलं आढळलं. यावरून गरज निर्विवाद सिद्ध होत असल्याने अनुदान आणखी दोन वर्षं चालू ठेवण्यात येत आहे, असं पत्र आलं. भावाच्या कारकिर्दीत एवढं यश कोणत्याच अर्जाला मिळालं नव्हतं.

पत्र घेऊन तो खोलीकडे निघाला. बैठकीचा वार होता. जिन्याखाली टायरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता. वरून ताईचा आवाज येत होता, एकटीचा. ती आपला खालचा सूर गात होती. मधे थांबत होती, जिथे क्रेनवाल्याची ओळ यायची तिथे तेवढा वेळ गप्प बसत होती, मग पुन्हा आपला सूर धरत होती.

"कुठलं गाणं हो हे?" टायरवाल्याने विचारलं. "दर वेळी ऐकतो, ओळखूच येत नाही."

 पत्रावर ताईची सही लागणार होती, म्हणून गाणं संपेपर्यंत भाऊ खालीच उभा राहिला.