पान एकशे बारा

साहेब, तुमचं खातं खोटारडं आहे, आणि आता ते माझ्या पुस्तकाआड लपून खोटं बोलतंय.

मी काही शिकलासवरलेला इतिहासकार नाही. पोटासाठी छापखान्यात पुस्तकं बांधतो. यादवी संपल्यावर तुम्ही शिरगणती केलीत, तिची बाडं मी सात वर्षं सुट्टीच्या दिवशी चाळली. ज्या घराचं दार उघडलं नाही, त्यापुढं तुमच्या कारकुनांनी सरसकट ‘सीमेपार गेले’ असा शिक्का मारलेला. आमच्या गल्लीत अशी एकेचाळीस घरं. त्यातलं एक माझ्या थोरल्या भावाचं.

यादवीत बंदूकवाले गल्लीत शिरले तेव्हा वहिनी शेजारच्या माळ्यावर लपली होती. तिनं सांगितलं होतं, “भाऊजी, सगळ्यांना पंपघरामागं नेलं. परत आले ते फक्त बंदूकवाले.”

“वहिनी, इतिहासाला कागद लागतो.”

“आणि माझे डोळे काय शोभेचे आहेत?”

मी फार शहाणा ना! आमच्या गल्लीच्या इतिहासाचं पुस्तक लिहिलं आणि त्यात छापलं: एकेचाळीस कुटुंबांनी देश सोडला. वर ऐटीत तुमच्या बाडांचा दाखला देणारी तळटीप.

गेल्या महिन्यात नागरिकत्वाची पडताळणी निघाली. वहिनीला घेऊन तुमच्या कचेरीत गेलो, तर खिडकीतल्या कारकुनानं माझंच पुस्तक उघडलं, पान एकशे बारा. “अभिनंदन मावशी, यजमान जिवंत आहेत! परदेशी झालेत, एवढंच. म्हणजे तुम्हीही परदेशी.”

“ते मी लिहिलंय!” मी ओरडलो. “चुकलंय ते!”

“लेखक तुम्हीच? मग तर प्रश्नच मिटला, काका.”

वहिनी चक्क हसली. “बघा भाऊजी, कुणीतरी वाचलं तुमचं पुस्तक.”

मी दुरुस्तीची चिठ्ठी छापून उरलेल्या प्रत्येक प्रतीत चिकटवली. तुम्ही ती फेटाळलीत, का तर पुरावा तोंडी आहे. पंपघरामागं खणा म्हटलं, तर तिथं तुमचं स्मृतिउद्यान. फलक ‘सर्व दिवंगत नागरिकांच्या स्मरणार्थ’, आणि खाली ‘खोदकामास मनाई’.

वहिनीनं दोन पिशव्या भरून ठेवल्यात. मला मात्र अजूनही वेळेवर जेवायला वाढते. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

नोटिशीप्रमाणे शुक्रवारपर्यंत तिनं देश सोडायचा आहे. ती इथं जन्मली, इथंच विधवा झाली. दुसऱ्या कुठल्याच देशात तिला कुत्रंही ओळखत नाही. मग जायचं कुठं, साहेब? त्या देशाचं नाव सांगा.