लालीबाईंचा चित्रांचा फोन

मित्रांनो, मी एक जुना स्मार्टफोन आहे. जुने फोन तर घरोघरी असतात, पण मी जुन्याचा नवा झालो आणि नव्याचा पुन्हा जुना झालो. असं भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येतं, म्हणून थोडी ऐट केली तर रागावू नका.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे इतकी भावंडं होती की कोण थोरला आणि कोण धाकटा, याचा पत्ताच लागला नाही. खोक्यात बसून मी आधी यवतमाळच्या दुकानात आलो आणि तिथून घाटंजीजवळच्या एका तांड्यावर, लालीबाईंच्या घरी. लालीबाई म्हणजे कापूस वेचणाऱ्या बायांच्या टोळीच्या मुकादम. उद्या कुणाच्या वावरात वेचणी, बाया किती, टेम्पो कुठे उभा राहणार, हे सगळं त्या माझ्यावरूनच ठरवत.

त्यांना वाचता येत नव्हतं, पण त्यांचं काही अडत नव्हतं. प्रत्येक नंबरापुढे त्यांनी एक फोटो लावला होता. तोही माणसाच्या चेहऱ्याचा नाही, कारण वावरातल्या उन्हात सगळे चेहरे सारखेच दिसतात, असं त्यांचं म्हणणं. टेम्पोवाल्या भीमसिंगसाठी त्याच्या टेम्पोचा फुटका दिवा, टोळीतल्या विमलताईंसाठी त्यांच्या दारातली निळी टाकी, राळेगावकडच्या शेतमालक बाबारावांसाठी त्यांच्या बांधावरची बाभूळ, आणि नगारा वाजवणाऱ्या देवीलालसाठी अर्थातच नगारा. माझ्या पडद्यावर हे फोटो चांगले तळहाताएवढे दिसायचे. लालीबाई चुलीपुढे बसून, एका हाताने भाकरी थापत, दुसऱ्या हाताच्या कोपराने मला सरळ करत आणि बोट बरोबर दिव्यावर टेकवत. अशी मालकीण मिळाल्याचा मला फार अभिमान होता.

आता माझ्यावर संकट कसं आलं ते सांगतो. लालीबाईंचे यजमान हरिसिंग यांचा स्वतःचा फोन साधा बटणांचा, म्हणून ते दुपारी माझ्यावर कुस्त्या बघत. रोज कुस्ती रंगात आली की मधेच एक चौकोन उगवायचा, की अपडेट करायचं का? माझ्या आतली सगळी व्यवस्था बदलायची ती परवानगी होती. हरिसिंगांना त्यातलं काही कळत नव्हतं. पण दारात आलेल्या माणसाला रित्या हाताने परत पाठवायचं नाही, ही तांड्याची रीत त्यांच्या हाडीमांसी मुरलेली. हा बिचारा रोज येतो आणि रोज नाही ऐकून जातो, याचं त्यांना वाईट वाटू लागलं. एके दिवशी त्यांनी मोठ्या मनाने त्याला हो म्हणून टाकलं.

मी काळा पडलो, तापलो, आणि उठलो तो निराळाच होऊन. डोकं जड, चाल मुंगीची. आणि ते मोठे मोठे फोटो? ते गेले. त्यांच्या जागी एकाखाली एक नावं, आणि नावांपुढे हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या गोलात एकेक अक्षर.

दुसऱ्या दिवशी लालीबाईंनी अंदाजाने टेम्पोवाल्याला फोन लावला. बाया कापडाच्या झोळ्या कमरेला बांधून तयार. आणि वाटेवरून आला कोण, तर देवीलाल, गळ्यात नगारा अडकवून. मुकादमबाईंनी बोलावलं आणि फोन लगेच ठेवला, म्हणजे काहीतरी शुभकार्य आहे, असं समजून तो धावत आला होता. बाया हसून हसून खाली बसल्या. लालीबाईही हसल्या. पण त्या दिवशी बाबारावांच्या वावरात दुसरी टोळी लागली.

असं आणखी दोनदा झालं, तेव्हा कोणी हसलं नाही. विमलताईंनी अगदी मायेने सुचवलं, की आता फोनचं आणि मजूर ठरवायचं काम लालीबाईंच्या लेकीने, बबिताने, करावं. तिला वाचता येतं. लालीबाईंनी मला पिठाच्या डब्यामागे ठेवून दिलं. बबिता मला तिथून बाहेर काढून फोन लावायची, तेव्हा मला रडू यायचं. फोनला रडता येत नाही, एवढंच.

बबितालाही हे मुकादमपण नकोच होतं. घाटंजीच्या बाजाराच्या दिवशी ती आईबापांना आणि मला घेऊन पूनमसिंगच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेली. पूनमसिंगने मला उलटंपालटं करून पाहिलं आणि सांगितलं, की याला मागच्या व्यवस्थेवर नेता येईल, पण आतलं सगळं पुसलं जाईल. फोटो आधी काढून ठेवतो, नंबर सिमकार्डात राहतील, पण मधेच काही बिघडलं तर फोन कायमचा जाईल. शिवाय जुन्या व्यवस्थेला सुरक्षेची नवी कुलपं मिळत नाहीत, तेव्हा बँकेचं काम यावर करायचं नाही. हरिसिंग घाईघाईने म्हणाले, त्यापेक्षा नवाच घेऊ.

"नव्यातबी अक्षरंच राह्यतीन," लालीबाई म्हणाल्या. "मले फोन समजत नाही असं नाही, बाबू. फोनले मी समजत नाही आता. तू कर."

पूनमसिंगने मला वायर जोडली. मित्रांनो, मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण लालीबाई समोर बसल्या होत्या आणि त्यांच्यासाठी जीव धोक्यात घालायला मी तयार होतो. मग काही वेळ मला काहीच कळलं नाही.

जागा झालो तेव्हा अंग हलकं वाटलं. पडद्यावर मोठे चौकोन होते, पण रिकामे. फोटो एकीकडे, नंबर दुसरीकडे. कुठला फोटो कुणाचा, हे पूनमसिंगला कळेना आणि बबितालाही कळेना. मग बबिता एकेक नाव वाचू लागली आणि लालीबाई फोटोवर बोट ठेवू लागल्या. दुकानात आलेली माणसं आपापली कामं विसरून बघत राहिली. हरिसिंगांचं नाव आलं, तेव्हा लालीबाईंनी एका रिकाम्या खाटेच्या फोटोवर बोट ठेवलं.

"मले खाट काहून?" हरिसिंगांनी विचारलं.

"तुमी तिथंच सापडता म्हणून," लालीबाई म्हणाल्या. सगळ्यात मोठ्याने हरिसिंगच हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात बाया जमल्या. लालीबाईंनी मला हातात घेतलं आणि कोणाकडे न बघता फुटक्या दिव्यावर बोट ठेवलं. भीमसिंगने फोन उचलला आणि सवयीने विचारलं, की बबिता, आज किती बाया?

"बबिता नाही," त्या म्हणाल्या. "मुकादम बोलून राह्यली. अठरा बाया आहेत. लवकर ये."

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणाच्या तरी हाताला बसलेली एखादी वस्तू असेल. ती सुधारायला निघालात, तर आधी त्या हाताला विचारा.