भाकीत करणाऱ्याची खुर्ची

केस कापायच्या दुकानात शिरलात की डाव्या हाताला जी चकचकीत लाल खुर्ची दिसते, ती मी नव्हे. तिच्या पलीकडची, खिडकीजवळची, हाताला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली जुनी खुर्ची म्हणजे मी. मित्रांनो, माझ्याकडे आता फारसं कुणी बघत नाही. मी मात्र बसणाऱ्या प्रत्येकावर लक्ष ठेवून असते, आणि खरं सांगायचं तर कुणावरही चटकन विश्वास ठेवत नाही.

हा स्वभाव मला कामाने दिला. माझा जन्म एका कारखान्यात झाला. बैठक ओतीव लोखंडाची, पाठ मागे झुकणारी, खाली तेलाचा पंप. तपासणाऱ्या माणसाने मला गरागरा फिरवलं, कान लावून ऐकलं आणि "कुरकुरत नाही" एवढंच म्हणून पुढे ढकललं. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. पुढे या दुकानात आले आणि माणसं ओळखायला शिकले. आरशासमोर माणूस बेधडक खोटं बोलतो. "झोप मस्त झाली," म्हणतो आणि डोळे चोळतो. पण बसताना अंग कुठे टाकायचं, हे त्याला लपवता येत नाही. कंबर धरलेला एका अंगावर बसतो. मुलाखतीला निघालेला पाठ टेकतच नाही. भांडून आलेला माझे दोन्ही हात असे आवळतो की जणू मीच त्याच्याशी भांडले होते.

दुकानाचे मालक म्हणजे मामा. भाचीने लहानपणी मारलेली हाक सगळ्या गल्लीने उचलली आणि तेच त्यांचं नाव झालं. मामांना एकच नाद होता, मिक्स्ड मार्शल आर्ट्सचा. ठोसे, लाथा, कुस्ती, सगळं एकाच खेळात, आणि तेही जाळीच्या पिंजऱ्यात. दुकानातल्या टीव्हीवर दुसरं काही लागतच नसे. लढतींच्या आदल्या दिवशी मामा भाकितं करायचे. समोरचा शिंपी हातातलं काम टाकून यायचा, लाल खुर्चीत फुकट बसायचा आणि वाद घालायचा.

"सांग, पहिल्या जोडीचं काय?"

"तो उंच्या हरणार."

"अरे, हात बघ त्याचे! इथे बसून माझ्या दुकानाचं शटर ओढेल तो."

"हात पोचतील, दम नाही पोचणार. दुसऱ्या फेरीत तोंड उघडं पडतं त्याचं. बुटका त्याला जाळीला चिकटवेल, पाय ओढून खाली घेईल, संपला विषय."

"आणि दुसऱ्या जोडीतला तो बेकरीवाला पोरगा?"

"जिंकेल. पण पंचांच्या मतावर. एक ठोसा नीट लागला की हा स्वतःच बघत उभा राहतो, फोटो काढून घेतल्यासारखा."

मामांची भाकितं बहुतेक वेळा बरोबर यायची. लोक म्हणायचे, काय अभ्यास आहे! मला मात्र सुरुवातीपासून शंका होती. टीव्हीवरच्या परदेशी लढतींत ते इतरांइतकेच चुकायचे. बरोबर यायची ती गावातल्या लढतींची भाकितं. त्याचं कारण शेजारच्या व्यायामशाळेत होतं. तिथली लढणारी पोरं वजनाच्या आधी डोकं भादरायला आमच्याकडेच यायची, कारण वजन थोडं जरी जास्त भरलं तरी पंचाईत. ती माझ्यात बसायची. कुणाचा खांदा वर उचलत नाही, कोण मान वळवताना सगळा वळतो, हे मला कळायचं. मामांच्या बोटांनाही कळायचं.

एकदा अशाच एका पोराची बरगडी दुखावलेली होती. मामा गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात म्हणाले, "याला उद्या उजव्या कुशीत लाथ बसणार आणि हा बसून जाणार." दुसऱ्या दिवशी नेमकं तसंच झालं. शिंप्याने टाळ्या वाजवल्या. पोरांचे प्रशिक्षक, ज्यांना सगळे सर म्हणत, ते मात्र दारात येऊन उभे राहिले.

"मामा, हे भाकीत होतं की चुगली?"

"मी कुणाला जाऊन सांगितलं नाही, सर."

"जायची गरजच नव्हती. तुमचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येतो."

मामांनी कुणाचे कान भरले नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. पण सर म्हणाले तेही खोटं नव्हतं. त्या दिवसापासून व्यायामशाळेची पोरं दुसरीकडे जाऊ लागली. माझ्यात बसलं की माणूस हरतो, अशी आवई उठली. मग लाल खुर्ची आली. माझं रेक्झिन फाटलं तरी ते बदलायचं कुणाला सुचलं नाही. मला त्याचं दुःख झालं, पण त्याहून जास्त एक विचार खात राहिला. या चाहत्यांना नेमकं काय आवडतं? लढणारे, की आपण बरोबर ठरणं?

एकटी मुंगी माझ्याकडे येत राहिली. मुंगी म्हणजे मामांची भाची, सख्ख्या बहिणीची मुलगी. लहान चणीची, चिवट, एकदा पकडलं की न सोडणारी, म्हणून मुंगी. तिचे पहिले केस कापले गेले तेही माझ्याच दोन हातांवर फळी आडवी टाकून. मोठी झाल्यावर ती सरांच्याच हाताखाली शिकून पिंजऱ्यात उतरली. लढतीच्या आदल्या दिवशी मामा तिच्या डोक्याला चिकटून घट्ट बारीक वेण्या घालायचे, म्हणजे झटापटीत केस डोळ्यांवर येत नाहीत. केस कापणारा हा माणूस केवळ भाचीसाठी वेण्या घालायला शिकला होता.

आता ज्या दिवसाबद्दल सांगायचं आहे तो दिवस. मुंगीची सगळ्यात मोठी लढत दुसऱ्या दिवशी होती. जिंकली असती तर मोठ्या स्पर्धेत जागा, आणि त्या जागेसाठी तिने कॉलेजची वर्षं मागे टाकली होती. सकाळी वजन झालं. दुपारी ती वेण्या घालायला आली आणि सोबत सरही आले. ते बसले नाहीत. हाताची घडी घालून दाराला टेकून उभे राहिले, पहाऱ्यावर असल्यासारखे. शिंपी नेहमीसारखा लाल खुर्चीत.

"ये गं राणी," मामा म्हणाले. "बस."

ती बसली, आणि मला पहिली शंका आली. तिचा पाय पायटेकूवर पडला नाही. चुकला. तिने पुन्हा शोधला.

"काय मामा, आमच्या मुंगीचं भाकीत?" शिंपी म्हणाला. "की तिच्या बाबतीत तू आधीच फुलांचा हार घेऊन उभा?"

"आधी केस धुऊ दे," मामा म्हणाले.

त्यांनी माझी पाठ मागे झुकवली. मुंगीचं डोकं मागच्या बेसिनकडे गेलं, आणि तिने माझे दोन्ही हात असे पकडले की चिकटपट्टी सुटली. ही मुलगी लाथ खाताना डोळे मिटत नव्हती. डोकं मागे गेल्यावर घाबरायचं तिला काय कारण?

"काय झालं?"

"काही नाही. पोटात काही नाही ना, म्हणून."

ते पटण्यासारखं होतं. वजन उतरवणारी माणसं सुकलेली असतात, त्यांना गरगरतं. पण सकाळचं वजन होऊन गेलं होतं. ती पाणी प्यायली होती, जेवली होती, तिच्या ओठांवरच्या भेगाही ओल्या झाल्या होत्या. आणि "काही नाही" हे उत्तर मामांचा प्रश्न संपायच्या आत आलं होतं.

मामांनी मला सरळ केलं. वेण्या सुरू झाल्या. डाव्या कानामागे त्यांचं बोट गेलं तशी ती आकसली.  ते गुणगुणत राहिले, अर्ध्या डोक्याच्या वेण्या झाल्या, आणि मग बोलता बोलता त्यांनी मला हलकेच फिरवलं. अर्धा वळसा, एवढंच.

"मामा, नको!"

 तिचे पाय जमीन शोधत होते. सरांच्या हातांची घडी सुटली.

"काल सरावात काय झालं, सर?" मामांनी विचारलं.

"काही नाही."

हेही उत्तर फार लवकर आलं. आता मला सगळ्यांचाच संशय यायला लागला. सर लपवत होते. मुंगी लपवत होती. आणि मामा? ते कंगवा हातात धरून नुसते उभे होते. मला वाटलं, हे गप्प बसणार. भाची उद्या पिंजऱ्यात उतरणार, सगळी गल्ली बघणार, असा दिवस कोणता चाहता घालवेल? शिवाय बोललं की काय होतं, हे त्यांनी एकदा भोगलं होतं.

शेवटी शिंप्यालाच राहवेना. "अरे, भाकीत राहिलं तुझं. मुंगी कितव्या फेरीत जिंकणार?"

मामा म्हणाले, "तिची लढत होणार नाही."

"म्हणजे?" सर पुढे आले. "हे भाकीत आहे की धमकी?"

"मी स्पर्धेच्या हॉलवर चाललोय. डॉक्टरांना घेऊन येतो."

"मामा," मुंगी म्हणाली. तिचा आवाज अगदी खाली होता. "तू गेलास तर मी परत या दुकानात पाय ठेवणार नाही."

"नको ठेवूस," मामा म्हणाले आणि अंगावरच्या ॲप्रनसकट निघाले. या वेळी त्यांनी आवाज चढवला नव्हता. सर त्यांच्या मागे धावले.

मुंगी माझ्यातच राहिली, अर्ध्या डोक्याला वेण्या, अर्धे केस मोकळे.

"खरं सांग गं, दुखतंय का?" शिंप्याने विचारलं.

"शिंपीकाका, तुम्ही शिवा."

शिंपी खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. मग मुंगीने हळूहळू सगळं अंग माझ्यावर टाकलं. लढणारे असं बसत नाहीत. ते काठावर बसतात, कधीही उठता येईल असे. तिच्या त्या ओझ्यात मला एवढंच कळलं की ती थकली होती, आणि आपल्याला काय झालंय हे तिला चांगलं ठाऊक होतं.

मामा आणि सरांबरोबर स्पर्धेच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी बोट डोळ्यांसमोरून फिरवलं. उलटी झाली? नाही. डोकं दुखतं? नाही. दोन दोन दिसतं? नाही. मग त्यांनी तिला उठवलं, डोळे मिटून एका पायावर उभं राहायला सांगितलं. मुंगी उभी राहिली, डुलली आणि तिने माझा हात धरला. पुढे विचारायचं काही उरलं नाही.

"काल सरावात समोरच्याचा गुडघा हिच्या डोक्याला लागला होता," सर खाली बघून म्हणाले. "मी विचारलं होतं. ती म्हणाली, काही नाही."

"आणि तुम्हाला ते पटलं?" मामांनी विचारलं.

"पटवून घेतलं."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या की मेंदूला धक्का बसलाय. तो भरून यायच्या आत दुसरा बसला असता तर पोरगी आयुष्यभरासाठी अधू झाली असती, किंवा जिवालाच मुकली असती. लढत रद्द. मुंगी रडली नाही. मामांसमोर उभी राहून ती म्हणाली, "तुला बरोबर ठरायचं होतं ना? ठरलास." आणि तशीच, अर्ध्या वेण्यांनी, रस्त्यावर निघून गेली.

दुसऱ्या दिवशी शिंपी लढती बघायला आला तर टीव्ही बंद. "स्वतःच भाकीत करायचं आणि स्वतःच जाऊन खरं करायचं," तो कुरकुरला, "असं कुठे असतं का?" मामा कात्रीला तेल देत राहिले. मुंगीच्या आईने भावाचा फोन उचलणं सोडलं. गल्लीतले काही म्हणाले, मामाने वाचवलं. काही म्हणाले, मामाने पोरीचं नशीब खाल्लं. मामांनी भाकितं बंद केली. गिऱ्हाइकांनी विचारलं तर म्हणायचे, "मान खाली करा."

मित्रांनो, इतकी वर्षं मी या माणसावर शंका घेतली. त्यांना फक्त बरोबर ठरायला आवडतं, असं समजले. त्या दिवशी ते बरोबर ठरले आणि त्यांच्या हाती काहीच लागलं नाही. उलट आवडता खेळ गेला, आवडती भाची दुरावली. माझा संशय चुकीच्या जागी बसला होता, एवढं मला मान्य करावं लागलं.

बऱ्याच आठवड्यांनी मुंगी आली. वेण्या कधीच सुटलेल्या. लाल खुर्ची रिकामी होती, तिकडे तिने बघितलं नाही. माझ्यात बसली. पाय एका झटक्यात जागेवर पडला.

"कापायचे?" मामांनी विचारलं.

"नुसती टोकं."

कात्री चालू लागली.  मग ती म्हणाली, "दोन आठवडे उजेड सहन होत नव्हता. आईला पण सांगितलं नव्हतं मी. आता सांगितलं."

"हं."

"डॉक्टर म्हणतात, बघू. सर म्हणतात, बघू. सगळे बघूच म्हणतात." तिने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं. "तू सांग. सगळ्या जगाची भाकितं करतोस. मी परत लढेन का?"

मामांची कात्री थांबली. ते सहज हो म्हणू शकले असते. नाही म्हणू शकले असते.

"माहीत नाही गं," ते म्हणाले.

हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. मुंगी म्हणाली, "चालेल. मानेवरचे जरा आणखी काढ." आणि तिने पाठ माझ्यावर टेकवली.

माझं रेक्झिन अजून फाटलेलंच आहे. कधी बदललंत तर उपकार होतील, नाही बदललंत तरी मी झुकायचं सोडणार नाही. पण मित्रांनो, माझी एक विनंती ऐका. आपल्या माणसाला "काय झालं?" असं विचाराल आणि उत्तर फार लवकर येईल, तेव्हा ते पटवून घेऊ नका. पुन्हा विचारा. तो रागावेल, तरीही विचारा. आणि तुम्हाला कुणी असं दुसऱ्यांदा विचारलं, तर त्याला खरं सांगा.