खिडकीतली मुंग्यांची पंगत

जतनबाईंना हार मानायची सवय नव्हती. कुंडीतल्या लिंबापुढे तर त्या मुळीच मानणार नव्हत्या.

नारायणगावच्या पेठेत, दुकानावरच्या घरात, झुंबरलालजींच्या खाटेशेजारच्या खिडकीत ती कुंडी होती. मागच्या साली त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. पडल्या पडल्या नजरेला पडणारं हिरवं म्हणजे एवढं लिंबूच. पण यंदा त्याच्या फांद्यांवर तपकिरी खपल्या धरल्या, पानं चिकट होऊन काळी पडली आणि गळू लागली.

येडगावचे धर्माजी, दुकानाचं जुनं गिऱ्हाईक, शेठना बघायला आले होते. त्यांनी नखानं एक खपली उचलली. "खवले कीड हाय वैनी. लई चिवट. फवारा मारा, न्हाईतर झाड गेलं म्हणून समजा."

"फवारा या घरात येणार नाही. एक तर जीवहत्या, त्यात आजारी माणसाच्या नाकाशी विष."

"मग कुंडी गच्चीवर टाकू," मुलगा पारस म्हणाला. जतनबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो खाली दुकानात उतरला. पर्युषणाच्या आत झाड नीट करून दाखवते, असं त्यांनी जाहीर केलं. कसं, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, पण तेवढ्यासाठी शब्द मागे घेणाऱ्यातल्या त्या नव्हत्या.

इकडे झुंबरलालजींनी एक नवंच काढलं होतं. डावा हात उचलून ते सारखे खिडकीकडे बोट दाखवायचे. तिथंच पाण्याचा तांब्या असायचा. सून जागृती धावत पाणी पाजायची आणि ते चिडून तोंड फिरवायचे.

त्या सकाळी जतनबाई नेहमीप्रमाणे खिडकीच्या कट्ट्यावर साखर घातलेलं पीठ टाकत होत्या. धडधाकट असताना झुंबरलालजी रोज ओढ्याकाठी जाऊन मुंग्यांच्या वारुळांपाशी पीठ घालून यायचे. आता ते जाऊ शकत नाहीत, तर मुंग्यांनीच त्यांच्या डोळ्यांदेखत जेवावं, म्हणून जतनबाईंनी पंगत घरात आणली होती. नवऱ्याचं बोट पुन्हा वर गेलं. या खेपेला त्या बोटाच्या रोखानं वाकल्या.

पीठ खाऊन मुंग्यांची रांग थेट लिंबावर चढत होती. एकेका खपलीपाशी थांबून तिच्यातून पाझरणारा गोड चिकटा चाटत होती. तेवढ्यात एक ठिपक्यांचा लाल भुंगेरा फांदीवर बसला आणि खपल्या खायला वळला, तर मुंग्यांनी त्याला पळवून लावलं.

"अहो, या किडीच्या राखणदारांना मीच पोसतेय की," जतनबाई म्हणाल्या. झुंबरलालजींनी हात खाली टाकला. इतक्या दिवसांनी घरात कुणाला तरी अक्कल आली, असंच काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. जतनबाईंना वाईट वाटलं. माणूस रोज सांगत होता आणि आपण त्याला पाणी पाजत होतो.

पण हळहळत बसायला त्यांना वेळ नव्हता. मुंग्यांचं पीठ त्याच दिवसापासून पुन्हा ओढ्याकाठी गेलं. कुंडीभोवती हळदीची जाड रेघ आली. जास्त बरबटलेल्या फांद्या कापून त्यांनी त्या ओढ्यापलीकडच्या झुडपांत अलगद ठेवल्या. उरलेली पानं ओल्या फडक्यानं पुसली आणि वाऱ्याच्या भीतीनं अर्धवट लावून ठेवलेली खिडकी सताड उघडली. भुंगेरे आले, या खेपेला त्यांना कुणी अडवलं नाही.

"म्हणजे भुंगेऱ्यांनी मारलं, तुम्ही नाही," जागृती हसत म्हणाली.

"ज्याचं जेवण त्याला. मी वाढत नाही आणि कुणाचं ताटही ओढत नाही."

पर्युषणाच्या तोंडावर लिंबाला तकतकीत पालवी फुटली आणि कळ्याही धरल्या. त्याच दुपारी झुंबरलालजींनी पुन्हा बोट उचललं. जतनबाई झाडाकडे धावल्या. त्यांनी प्रत्येक पान उलटून पाहिलं, खोडावरून बोट फिरवलं, हळदीची रेघ तपासली. कुठंच काही नव्हतं. वळून पाहिलं, तरी बोट तसंच वर.

"आता काय राहिलं हो?"

झुंबरलालजींचे ओठ बराच वेळ हलत राहिले. मग वर्षभर न ऐकलेला आवाज फुटला.

"पाणी."

जतनबाईंनी तांब्या उचलला, पण पाजायच्या घाईत निम्मं पाणी लिंबालाच मिळालं.