मधली काच

निवृत्तीने माशांची पेटी घरी आणली तेव्हा चांगुणाला बरंच वाटलं होतं. सातपूरच्या कारखान्यात दिवसभर माणसांवर नजर ठेवून आलेला नवरा संध्याकाळी निदान माशांकडे बघत बसेल, आपल्याकडे आणि तिन्ही पोरांकडे नाही, एवढाच तिचा हिशोब. तो साफ चुकला.

त्या टीचभर पेटीत पट्ट्यापट्ट्यांचे इवले मासे होते. ते मन मानेल तिकडे फिरायचे आणि निवृत्तीला नेमकं तेच खपत नव्हतं. कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यावर त्याने घोळक्याने फिरणारे, एकदम वळणारे मासे पाहिले होते. आपले असे का फिरत नाहीत? त्याने आणखी मासे आणून सोडले, दिवा मंद केला, पाणवनस्पती बदलून पाहिल्या. मासे कसले ऐकतात!

मग एका रविवारी त्याने गंगापूर धरणावरच्या कोळ्याकडून मरळीचं पिल्लू आणलं. पेटीच्या मधोमध काच सरकवली आणि मरळ पलीकडे सोडली. मरळ लहान मासे गिळते, हे नाशकात कुणाला शिकवावं लागत नाही. बघता बघता सगळे पट्टेवाले एका कोपऱ्यात गोळा झाले आणि एकदम वळू लागले.

"बघा. याला म्हणतात शिस्त," निवृत्ती म्हणाला. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी पोरांना पेटीपुढे बसवायचं, हा नेमच झाला.

पण मासे पुन्हा सैलावले. मध्ये काच आहे, हे त्यांच्याही ध्यानात आलं असावं. निवृत्तीने शांतपणे काच वर उचलली. एक मासा गेला. काच खाली आली आणि उरलेले परत गोळा झाले. पुढे हेच चाललं, मासे सैलावले की काच उचलायची. धाकटी डोळे मिटून घ्यायची, तर तो म्हणायचा, "उघड डोळे." आवाज कधी चढला नाही. हात तर त्याने कुणावर उगारलाच नव्हता, आणि चांगुणाची खरी पंचाईत तीच होती. सांगायचं तरी काय, आणि कुणाला?

दिवाळीच्या सुट्टीत एकदा पोरं कशावरून तरी खिदळली, बाप घरात असताना. निवृत्तीने वर्तमानपत्र बाजूला ठेवलं आणि त्यांच्याकडे बघत राहिला.

"सैलावलीत," तो म्हणाला. पेटीकडे त्याचं लक्षही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला तशी चांगुणा पोरांना घेऊन कळवणच्या एसटीत बसली. परत त्या घरात पोरांना न्यायचं नाही, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं.

कळवणला तिचा थोरला भाऊ वाळू राहायचा. मायाळू माणूस, पण डोळ्यांना दिसेल तेवढंच खरं मानणारा. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"मारतो का?"

"नाही."

"पितो?"

"नाही, दादा."

"मंग माशांपायी घर सोडलं म्हणायचं?"

"मला पोरांची धास्ती वाटते, दादा. मला तिकडे नको धाडूस."

तिचे भरलेले डोळे पाहून तो नरमला. "बरं, ऱ्हा इथंच. मी बोलतो निवृत्तीरावांशी."

किती दिवसांनी चांगुणाने सुखाने चार घास खाल्ले. दुपारभर पोरं कांद्याच्या चाळीमागे मामेभावंडांबरोबर हुंदडली. संध्याकाळी घरात गोट्या खेळत बसली असताना वाळू जिलबी घेऊन आला आणि सवयीने धाडकन दार लोटून आत शिरला.

त्याची स्वतःची पोरं जिलबीच्या पुड्यावर तुटून पडली. चांगुणाची तिन्ही मात्र हातातलं टाकून भिंतीशी गेली आणि एकमेकांना चिकटून गप्प उभी राहिली. मामा उजवीकडे सरकला तशी तिघांची तोंडं एकदम उजवीकडे वळली. "बसा की," म्हणताच तिघं एकदम खाली बसली.

चांगुणाला भडभडून आलं. वाळू मात्र कौतुकाने मान डोलवत होता.

"काय वळण लावलंय गं पोरांना! आमची ही नुसती हैदोस घालत्यात," तो म्हणाला. "असा बाप नशिबानं मिळतो, चांगुणे. उद्या सकाळच्या गाडीनं मीच येतो तुम्हाला सोडायला."