रवंथाचं विरजण

माघातली सकाळ. सह्याद्रीच्या श्यामल माथ्यावरून धुकं ओसरत होतं. दवानं जडावलेल्या कारवीवर कोवळं, केशरी, निःशब्द ऊन उतरत होतं. धनगरवाड्यावरच्या गोठ्यात गव्याची एक पाडी मान टाकून पडली होती.

चरात अडकलेली ती पाडी वनमजुरांनी बाहेर ओढून इथं आणली होती. उपाशी असेल बिचारी, म्हणून तिला कणकेचे गोळे चारले, वर गूळही! माया खरी, पण मायेनंच घात केला. गवतावर, बांबूच्या पानांवर पोसलेलं ते रानपोट पिठानं आंबलं. तीन दिवस रवंथ बंद. आजचा दिवस गेला, तर पाडी जाणार होती.

जनावरांच्या डॉक्टर शाल्मलीनं तिच्या पोटातल्या रसाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. निश्चल. मग वाड्यावरच्या ठकूबाई झोरेच्या मोरी म्हशीच्या पोटातला थेंब धरला, आणि काय सांगावं! चारा आंबवणारे, चाऱ्याचं बळ करणारे, लक्ष लक्ष चिमुकले जीव लगबगीनं पोहत होते.

"मावशी, हिच्या पोटातले सगळे मेलेत."

"विरजण मेलंय म्हण की! मग दुसरीचं घालायचं. माझ्या सासूनं किती येळा घातलंय."

"पण ही रानातली, तुमची मोरी दावणीची."

ठकूबाई उसळली. "दावणीची? अगं पोरी, मोरी त्याच रानात चरती. पेंड कसली असती, ते तिला ठावं न्हाई!"

म्हैस निरोगी आहे ना, हे शाल्मलीनं आधीच तपासलं होतं. तिनं नळीनं पाडीच्या पोटातलं आंबट पाणी काढलं. ठकूबाई मोरीपाशी उकिडवी बसली. मोरीच्या गळ्यातून घास वर चढला, तोंडात आला, आणि ठकूबाईनं झटक्यात हात घालून तो काढून घेतला. हिरवा, ऊन, फेसाळ. असे सात घास कोमट पाण्यात कालवून पाडीच्या पोटात गेले.

दुपार कलली. शाल्मलीचा जीव टांगणीला. ठकूबाई मात्र मांडी ठोकून बसलेली. "लागतंय बघ विरजण. घाई करू नगंस."

आणि पाडीच्या तपकिरी गळ्यात एक गोळा हलला. वर सरकला. जबडा तिरका फिरला. एकदा, पुन्हा, पुन्हा. "आली गं माझी बाय!" म्हणत ठकूबाई ढसाढसा रडली.

पाचव्या दिवशी गव्यांचा कळप टेकाडाखाली उतरला, तेव्हा पाडीला सोडलं. ती थबकली, हुंगली, धावली, बांबूच्या गर्द हिरव्या सावलीत शिरली; आणि तिच्या पोटात बसून मोरीचे लक्ष लक्ष जीव, दाव्यावाचून, धन्यावाचून, रानात निघून गेले.