रातकिड्यांची पंगत

दरबारच्या कचेरीतून निवृत्त झाल्यापासून रघुनाथरावांचं पोट हा घरातला सार्वजनिक विषय झाला होता. सूनबाईंनी, म्हणजे विजयाबाईंनी, त्यांना मुगाच्या खिचडीवर ठेवलं होतं. सवलत एकच: नैवेद्यातला चमचाभर शिरा, कारण प्रसादाला नाही म्हणता येत नाही. बहीण उषाताईंकडे लग्न ठरलं होतं, आणि त्या पंगतीत जिलबी मिळावी एवढीच रघुनाथरावांची महत्त्वाकांक्षा उरली होती.

अशात कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारा पुतण्या मधुसूदन दोन काचेच्या पेट्या घेऊन आला. एकीत तरणे रातकिडे, दुसरीत म्हातारे.

"दोघांना आधी दाल बाजारातला कोंडा, मग तुपातली कणीक, दोन्ही मोजून. खाल्लं त्यातून विष्ठा वजा केली, की उरलं ते पचलं. वयानं पचन बदलतं का, बघायचंय."

"आणि नाही बदललं तर?"

"तर नाही बदललं, काका."

"सूनबाई, ऐकलंस?"

"ऐकलं, मामंजी. तुमच्या वयाचे किडे पास झाले, तर जिलबी."

रघुनाथराव पेट्यांसमोर खुर्ची टाकून बसू लागले. किडा आधी मिशांनी घास चाचपतो, मग कडेनं कुरतडतो, हे त्यांना साठीनंतर पहिल्यांदाच कळलं आणि फार आवडलं. तरणे भराभर उरकत. म्हातारे दोन घास घेऊन थांबत, मिशा हलवत. आता समोरचा हात आखडून बसला, की त्याला आग्रह करून वाढायचं, यात रघुनाथरावांचं नाव साऱ्या शहरात, बाड्यापासून पडावापर्यंत होतं.

"घ्या हो, एवढ्यानं काय होतंय!"

पंधरवड्यानं मधुसूदन तराजूपाशी ओरडला, "काका, गडबड हो गई! म्हाताऱ्यांनी खाल्लं त्याहून जास्त बाहेर टाकलंय!"

"म्हणजे पोट साफ आहे," रघुनाथराव म्हणाले.

विजयाबाईंनी पेटीवर नाक नेलं. "केशराचा वास येतोय."

"माझ्या वाटचा शिरा होता," रघुनाथराव ताठ बसून म्हणाले. "पानावर बसलेल्याला अर्धपोटी कसं उठवायचं?"

"म्हणजे इतके दिवस शिरा तुमच्या पोटात गेलाच नाही?"

"कणभरही नाही!"

"तरीच!" विजयाबाई म्हणाल्या. "एकदासुद्धा ओवा मागितला नाहीत."

मधुसूदननं नाइलाजानं मान डोलावली. निष्कर्ष निघाला तो एवढाच.

लग्नात रघुनाथरावांच्या पानात नुसता वरणभात पडला. मग ते स्वतःच जिलब्यांचं ताट घेऊन पंगतीत हिंडले. मधुसूदनपाशी मात्र जरा रेंगाळले.

"प्रयोग पुन्हा कधी?"

"वेळ लागेल, काका. आताचे तरणे म्हातारे व्हायला हवेत."

"होऊ देत, मला घाई नाही," रघुनाथराव म्हणाले आणि त्याच्या पानात आणखी एक जिलबी टाकली. "पण लवकर होतात ना रे?"